जपानला जाताय, तर जेवायला जा

परदेशी सहलींच्या जाहिरातीत एक ओळ ठरलेली असते : ‘रोज भारतीय जेवण’. जपानच्या जाहिरातीत ती जरा जास्तच ठळक छापतात, आणि तेवढी एक ओळ वाचून घरोघरी बुकिंग पक्कं होतं. माझं या ओळीशी उघड भांडण आहे. लाखांत पैसे मोजून टोकियोला जायचं, दिवसभर बसमधून हिंडायचं आणि संध्याकाळी सात वाजता कुठल्याशा तळघरातल्या हॉटेलात उतरून पनीर बटर मसाला, जीरा राइस आणि गुलाबजाम खायचे. हे जेवण ठाण्यात मिळतं. डोंबिवलीत याहून चांगलं मिळतं. त्यासाठी सात-आठ तास विमानात पाय आखडून बसायची काही गरज नाही.

2013 साली युनेस्कोने जपानच्या पारंपरिक आहाराला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. त्याच वर्षी फुजी पर्वतही जागतिक वारसा ठरला. आपली बस यातल्या एका वारशापाशी फोटोसाठी थांबते आणि दुसऱ्याला वळसा घालून पनीरकडे वळते. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ म्हणणारे आपण जपानमध्ये पोटोबाला घरच्या डब्यावर ठेवतो.

सहल कंपनीवर सगळं खापर फोडणं सोपं आहे. पण चाळीस माणसांना एकाच वेळी, तासाभरात जेवू घालायचं तर तिनं दुसरं करावं तरी काय? मूळ दुखणं त्या चाळीसच्या आकड्यात आहे. जपानमधलं चांगलं दुकान लहान असतं. एक काउंटर, त्याच्यापुढे आठ-दहा खुर्च्या, पलीकडे मालक, कधी त्याची बायको किंवा मुलगा, बस. सोबाच्या शेवया कापणारा, कोंबडीच्या काड्या निखाऱ्यावर भाजणारा, तेंपुरा तळणारा, असा एकेक जण जन्मभर एकाच पदार्थामागे लागलेला असतो. त्याच्या दुकानात चाळीस माणसं बसायची गोष्ट सोडा, उभीसुद्धा राहू शकत नाहीत. म्हणजे चाळीसच्या गटात नाव नोंदवताना आपण या सगळ्या दुकानांची दारं स्वतःच्या हाताने लावून घेतो. मग उरतात ती बँक्वेट हॉलसारखी ठिकाणं. तिथे जपानी माणूस दिसत नाही आणि जपानी जेवणही.

म्हणून चौघं जा. एकमेकांना चांगले ओळखणारे, एकमेकांच्या घोरण्याची सवय असलेले चार मित्र किंवा मैत्रिणी. चौघं एका टॅक्सीत मावतात, चौघांना बहुतेक दुकानांत टेबल मिळतं, आणि चौघांत आठ पदार्थ मागवले तर प्रत्येकाला आठांची चव मिळते. आपल्याकडे शाळा-कॉलेजातले मित्र आता भेटतात ते लग्नाच्या हॉलमध्ये. आहेराच्या रांगेत दोन वाक्यं होतात, तिसऱ्या वाक्याला कुणाचा तरी फोन वाजतो. या मैत्रीला सलग वेळ लागतो आणि तो गावात राहून मिळत नाही. सहलीवर मिळतो, पण सहलीची संध्याकाळ रिकामी ठेवली तरच.

जपानमधल्या संध्याकाळची रीत ज्याने कोणी घडवली, त्याला मित्रांच्या गप्पांची कदर होती. इझाकाया म्हणतात ती दुकानं पाच-सहानंतर उघडतात. आत शिरलं की ओला रुमाल हातात येतो, बहुतेकदा गरम. मग न मागवता एक छोटी वाटी पुढे येते : उकडलेली भाजी, थोडं टोफू, लोणच्यासारखं काहीतरी. तिचे तीन-चारशे येन बिलात लागतात आणि आपली माणसं नेमकी इथे भांडायला उठतात : ‘हे आम्ही मागितलंच नव्हतं!’ अहो, तो बसण्याचा आकार आहे. तिथे टिप द्यायची पद्धत नाही, दिलीत तर पोरगा पैसे घेऊन रस्त्यापर्यंत मागे धावत येईल. तेव्हा त्या वाटीवरून वाद घालू नका, ती खा. बरेचदा चांगली असते.

मग एकेक बशी येत राहते. मिठातल्या हिरव्या शेंगा, भाजलेली वांगी, तळलेली कोंबडी, कच्च्या माशाच्या सहा फोडी, बटाट्याचं सॅलड. प्रत्येकाचं वेगळं ताट नसतं, सगळं मधोमध ठेवायचं. आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा, मग तो आपला भरतो. न पिणाऱ्याला ऊलाँग चहाचा मोठा ग्लास मिळतो आणि त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. तीन तास कुठे जातात कळत नाही. गटाच्या सहलीत त्या तीन तासांत बस, मोजणी, जेवण, पुन्हा मोजणी, हॉटेल आणि ‘उद्या सकाळी साडेसहाला लॉबीत’ ही सूचना असते.

आता माझा खरा राग कोकण-गोव्याच्या माणसांवर. बाजारात बांगड्याचा कल्ला उचलून आतली लाली बघितल्याशिवाय पैसे न देणारा माणूस जपानला जातो आणि म्हणतो, ‘आपल्याला नाही बुवा चालणार तिथलं.’ का नाही चालणार? तिथलं रोजचं जेवण म्हणजे भात, मासा, आमटी आणि लोणचं. मालवणच्या माणसाला याच्याइतकी ओळखीची मांडणी जगात दुसरीकडे मिळायची नाही. तिथला साबा म्हणजे आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा. त्याला मीठ चोळून थोडा वेळ ठेवतात आणि विस्तवावर भाजतात. ताटात येतो तेव्हा कातडीवर दोन तिरप्या चिरा असतात, चिरांच्या कडेला चरबी अजून चुरचुरत असते, कातडी काही ठिकाणी काळपट आणि काही ठिकाणी सोनेरी. बाजूला किसलेल्या पांढऱ्या मुळ्याचा ओला गोळा आणि लिंबाची फोड. चॉपस्टिकने चिरेपाशी दाबलं की मांस काट्यापासून आपसूक सुटतं. तो तुकडा मुळ्याच्या किसाला लावायचा आणि वर भाताचा घास. मसाल्याचा कणही नाही, आणि तरी जिभेला काही कमी पडलं असं वाटत नाही, कारण मासा ताजा आहे आणि मीठ नेमकं आहे. दुपारच्या वेळी असं ताट साध्या खाणावळीत हजार येनच्या आसपास मिळतं, म्हणजे साधारण पाच-सहाशे रुपये. हे सोडून पनीर खाणाऱ्या मासेखाऊ माणसाची मला कीव येत नाही, चीड येते.

शाकाहारी माणसाची अडचण खरी आहे. ती उडवून लावणाऱ्यांशीही माझं पटत नाही. ‘भाज्या असतात की सगळीकडे’ हे सांगणं म्हणजे फसवणूक आहे. जपानी स्वयंपाकात मासा ताटात दिसतो तेवढाच नसतो. कात्सुओबुशी नावाचा प्रकार आहे : मासा धुरावून, वाळवून लाकडासारखा टणक करतात आणि रंध्यासारख्या पात्यावर त्याचे पापुद्रे काढतात. त्याचं पाणी, म्हणजे दाशी, मिसोच्या आमटीत असतं, उदोन नावाच्या जाड शेवयांच्या रश्शात असतं, पालकाच्या साध्या भाजीत असतं, अंड्याच्या गोडसर वळकटीत असतं. भाज्यांचा उदोन मागवलात तरी रस्सा माशाचाच. आमच्या चौघांत एक पक्का शाकाहारी आहे, आणि त्याच्या पोटाची सोय आधी ठरवायची, मग बाकीच्यांची ठिकाणं, हा आमचा रिवाज आहे. मैत्रीत एवढं केलंच पाहिजे. त्याला रोज कोरडी भाकरी खायला लावून आपण बशा चाटत बसायचं, हा प्रवास नव्हे.

आणि सोय आहे. नुसती पोट भरण्याची नाही, उत्तम जेवणाची. 675 साली तेम्मू सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खाण्यावर बंदी घातली. ती वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरती होती, पण बौद्ध धर्माच्या प्रभावाने चार पायांच्या जनावराचं मांस पुढची हजार-बाराशे वर्षं निषिद्धासारखंच राहिलं. 1872 मध्ये मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं तेव्हा कुठे ती भीड मोडली. या सगळ्या शतकांत मठांमधून एक पूर्ण शाकाहारी स्वयंपाक तयार झाला, शोजिन र्‍योरी. त्यातली दाशी कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीची आणि वाळलेल्या अळंब्यांची. कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मास कडक पाळणाऱ्या आपल्याकडच्या आजींना जपानमध्ये कुठे निर्धास्त जेवता येईल, तर ते इथेच.

ते जेवायचं असेल तर कोयासानला जा. ओसाकातल्या नांबा स्टेशनवरून नानकाई कंपनीची गाडी गोकुराकुबाशीपर्यंत जाते, तिथून केबल कार डोंगरावर चढवते. कूकाई या भिक्षूने 816 साली इथे मठवस्ती वसवायला घेतली. आज त्यातल्या पन्नासेक मंदिरांत मुक्कामाची सोय आहे. संध्याकाळी लवकर, लाखेच्या बुटक्या मेजांवर जेवण येतं. गोमादोफू नावाचा एक पदार्थ असतो : तीळ वाटून, एका वेलीच्या मुळाच्या सत्त्वात घोटून केलेली वडी, सोयाबीनचा त्यात संबंध नाही. चमचा लावला तर जेमतेम उभी राहते, तोंडात घातली की तिळाचा वास नाकापर्यंत जातो. दुसरा प्रकार कोयादोफू, म्हणजे गोठवून वाळवलेलं टोफू. ते रश्शात शिजवलं की सगळा रस पिऊन घेतं. आमचा शाकाहारी मित्र त्या रात्री एक शब्द बोलला नाही, नुसता जेवत राहिला. पहाटे प्रार्थनेत जे मंत्र कानावर पडतात ते मुळात संस्कृत, चिनी वाटेने आलेले. ओकुनोइनच्या स्मशानात देवदाराच्या उंच झाडांखाली दोन लाखांहून जास्त थडगी आहेत आणि दगडी स्तूपांवर सिद्धम लिपीतली अक्षरं कोरलेली आहेत. हे सगळं सोडून आपले गट ‘शाकाहारी काही मिळत नाही’ म्हणत ओसाकाच्या मॉलमध्ये चिप्सची पाकिटं विकत घेतात.

बरं, भारतीयच हवं असेल तर त्यालाही टोकियोत एक मानाचं ठिकाण आहे. शिंजुकूचं नाकामुराया. दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब टाकण्याच्या कटातले रासबिहारी बोस 1915 मध्ये जपानला निसटले. ब्रिटिशांच्या दबावाखाली जपान सरकारने त्यांना देश सोडायला सांगितलं, तेव्हा नाकामुराया या बेकरीच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, त्यांना आपल्या आवारात लपवलं. पुढे त्यांच्या थोरल्या मुलीशी, तोशिकोशी, बोस यांचं लग्न झालं. ती तरुणपणीच गेली. 1927 मध्ये नाकामुरायाने उपाहारगृह काढलं तेव्हा बोस यांच्या सांगण्यावरून तिथे भारतीय पद्धतीची कोंबडीची करी सुरू झाली. तोवर जपानला ठाऊक होती ती इंग्रजांकडून आलेली, पिठाने दाट केलेली करी. बोस यांची ती करी आजही तिथे मिळते. एका क्रांतिकारकाच्या परागंदा आयुष्याचा तो भाग आहे. तळघरातल्या पनीरपेक्षा ही बशी मला हजारपट भारतीय वाटते.

आता प्रेक्षणीय स्थळं. टोकियो, फुजी, क्योतो, ओसाका, ही सगळ्या जगाची ठरलेली वाट. 2024 मध्ये जपानला 3 कोटी 68 लाखांहून जास्त परदेशी पाहुणे आले, आणि त्यांतल्या बहुतेकांनी याच चार ठिकाणी एकमेकांच्या पाठी बघितल्या. क्योतोच्या गिऑन भागात 2024 च्या वसंतापासून खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या, शिरलात तर दहा हजार येन दंडाची पाटी. कारण लोक गेइशांच्या मागे कॅमेरे घेऊन धावत होते. फुजीकावागुचिकोत एका दुकानाच्या छपरामागे फुजी दिसतो म्हणून इतकी झुंबड उडाली, की त्या वर्षी मे महिन्यात गावाने रस्त्याकडेला वीस मीटर लांब आणि अडीच मीटर उंच काळा पडदाच लावला. एका गावाला आपला डोंगर पाहुण्यांपासून झाकावा लागला. त्या झुंबडीत आपणही होतो. देवळात मोठ्याने हाका मारणारे, गाडीत स्पीकरवर गाणी लावणारे, ‘ए, इकडे ये, इथून चांगला येतो’ म्हणत दुसऱ्याच्या पूजेत घुसणारे. हे लिहायला मला आनंद होत नाही, पण लिहिलं पाहिजे.

क्योतोला जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. फुशिमी इनारीच्या हजारो शेंदरी कमानी बघण्यासारख्याच आहेत. पण ते देऊळ चोवीस तास उघडं असतं, तिकीट नाही, आणि डोंगर अवघा 233 मीटरचा. पहाटे पाचला जा. पहिल्या दोनशे पावलांत फोटो काढून परत फिरणारी गर्दी तेव्हा झोपलेली असते आणि वरपर्यंत वाट मोकळी असते. खाली उतरलात की स्टेशनाजवळ न्याहारी. क्योतोच्या एका दिवसात एवढं झालं तरी पुष्कळ आहे, बाकीचा दिवस कामो नदीच्या काठावर मित्रांबरोबर बसून काढला तर काही बिघडत नाही. सुवर्णमंदिर राहिलं म्हणून हळहळू नका. 1950 मध्ये एका तरुण भिक्षूने ते जाळलं, आज दिसतं ते 1955 चं बांधकाम. तेही सुंदर आहे, पण रांगेत ढकलले जात दहा मिनिटांत बघून ते हाती लागत नाही.

आणि पुणेकर! सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारणारे हजारो पुणेकर आहेत. त्या उद्यानाचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलं आहे. तळं, टेकाड, पूल, वळणं घेत जाणारं पाणी, हे सगळं तिथून आलं. पुलंनी ‘पूर्वरंग’मध्ये जपानवर मनापासून लिहिलं, त्यांचं नाव या बागेला मिळालं हेही योग्यच झालं. आता हेच पुणेकर जपानला जातात, शिनकानसेन या बुलेट ट्रेनमध्ये बसून हिरोशिमाला जातात, वाटेत ओकायामा स्टेशन येतं, गाडी थांबते, आणि एकही जण उतरत नाही. शिन-ओसाकाहून ओकायामा पाऊण तास. स्टेशनबाहेर ट्राम, तिसऱ्या थांब्यावर उतरून दहा मिनिटं चाललं की बाग. रोज जिची प्रतिकृती पायाखाली घालता, तिचं मूळ बघायला पाऊण तास नाही?

कोराकुएन 1687 मध्ये करायला घेतली आणि 1700 मध्ये पुरी झाली. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने ती करवून घेतली. जपानच्या तीन थोर बागांत तिची गणना होते. इतर जपानी बागांत हिरवळीचे मोठे पट्टे सहसा नसतात, इथे आहेत. मधे भातखाचर आहे, चहाचे मळे आहेत, प्लमची राई आहे, आणि लाल टाळूचे क्रौंच पक्षी पाळलेले आहेत. र्‍युतेन नावाची एक दुमजली उघडी वास्तू आहे. तिच्या खालच्या मजल्यातून, अगदी बैठकीच्या मधून, पाण्याचा पाट वाहतो, त्यात रंगीत दगड मांडलेत. दोन्ही बाजूंना बसून गप्पा मारायची सोय, हात खाली सोडला की पाण्यात. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका सरदाराने गप्पांसाठी अशी जागा असावी असं ठरवलं, त्या माणसाला मी मानतो. नदीपलीकडे काळा किल्ला दिसतो. मूळचा 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, आताचा 1966 मध्ये पुन्हा उभा केला.

त्या त्सुनामासाचे वडील मित्सुमासा फार काटकसरी. प्रजेने एक आमटी आणि एकच तोंडीलावणं एवढ्यावर जेवावं, असा त्यांचा हुकूम होता. लोकांनी काय केलं याची गोष्ट ओकायामात सांगतात : मासे, कोळंबी, भाज्या, सगळं डब्याच्या तळाशी आणि वर नुसता आंबट भात. वरून बघणाऱ्याला काटकसर, डबा उलटा केला की मेजवानी. त्यातून बाराझुशी हा ओकायामाचा पदार्थ झाला म्हणतात. आजच्या बाराझुशीला लपायची गरज राहिलेली नाही. बारीक कापलेली अंड्याची शेव, कमळकाकडीच्या चकत्या, मटाराच्या शेंगा, शिरक्यातला मासा, कोळंबी, सगळं भातावर उघड पसरलेलं असतं. बापाच्या काटकसरीने सुशी दिली, लेकाच्या हौसेने बाग. अर्धा दिवस एवढ्यासाठी काढता येत नसेल, तर पुण्यातल्या बागेत त्या मैत्रीच्या नावाची पाटी काय भिंत सजवायला लावली आहे?

मित्रांबरोबर जाण्याचं सार्थक कुठे होतं, तर ओसाकातल्या ओकोनोमियाकीच्या टेबलाशी. टेबलाच्या मधोमध लोखंडी तवा बसवलेला, चौघं चार बाजूंना. वाडग्यात भरपूर चिरलेला कोबी, पिठाचं मिश्रण, अंडं, वर डुकराच्या मांसाचे पातळ काप किंवा कोळंबी. काही दुकानांत मालक भाजून देतो, काहींत आपणच भाजायचं. उलटायची वेळ आली की चौघांत एकमत होत नाही. एक म्हणतो आत्ता, दुसरा म्हणतो अजून दोन मिनिटं. उलटल्यावर खालची बाजू खरपूस तपकिरी निघाली की सगळे एकदम गप्प. वर गडद गोडसर सॉस, मेयोनेज, हिरवी पूड आणि ते माशाचे पापुद्रे, जे वाफेवर हलत राहतात. छोट्या उलथन्याने कापून थेट तव्यावरून खायचं, जीभ पोळेपर्यंत. शाकाहारी मित्राला त्या दिवशी इथे आणायचं नाही, कारण पिठातही दाशी असते. त्या दुपारचं जेवण त्याच्या पसंतीचं ठेवायचं आणि संध्याकाळी तो वाचत बसला तर बसू द्यायचा. चोवीस तास एकमेकांना चिकटून राहायचा करार मैत्रीत नसतो.

गरम पाण्याच्या कुंडांबद्दल आपल्या लोकांची लाज अजून जात नाही. वज्रेश्वरीला बिनघोर उतरणारा माणूस जपानी ओन्सेनच्या दारातून परत येतो, कारण आत अंगावर काही ठेवायचं नसतं. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, आधी बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, मग पाण्यात. कुणी कुणाकडे बघत नाही. किनोसाकी गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत, लोक युकाता नावाचा सुती झगा घालून लाकडी खडावा वाजवत एकातून दुसऱ्यात जातात. नोव्हेंबर ते मार्च तिथे खेकड्यांचा हंगाम असतो. मुंबईच्या खेकडाप्रेमींनी एवढं वाचून तारखा ठरवाव्यात.

आणि ज्यांचा भाचा-पुतण्या टोकियोत आहे, त्यांच्यासाठी. 2000 सालच्या आसपास संगणकाच्या कामासाठी आलेल्या आपल्या अभियंत्यांनी निशी-कासाई भागात वस्ती केली, मेट्रोने ऑफिस सरळ गाठता येतं म्हणून. तो भाग एदोगावा वॉर्डात येतो. त्याच वॉर्डाच्या सभेवर 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक निवडून आले, अंबरनाथ-कल्याणकडचा मराठी माणूस. टोकियोत मराठी मंडळाचा गणेशोत्सवही होतो. मग आपण काय करतो? त्या भाच्याला सुट्टी काढायला लावतो, विमानतळावर बोलावतो, कॅमेऱ्यांच्या आणि चाकूंच्या किमती विचारायला पाठवतो, आणि रात्री त्याच्या बायकोला वरणभात करायला लावतो. दोघं दिवसभर काम करून आलेली असतात. तसं करू नका. त्याला एवढंच सांगा : ऑफिस सुटल्यावर तू मित्रांबरोबर जिथे जातोस, तिथे आम्हाला ने, पैसे आम्ही देऊ. त्याच्या नेहमीच्या दुकानात मालक त्याला ओळखतो, खुर्च्या सरकवतो, मेन्यूत नसलेलं काहीतरी पुढे ठेवतो. कुठल्याही सहल कंपनीला ही खुर्ची विकत घेता येत नाही.

‘पण रजा आठच दिवसांची आहे’ हे मला प्रत्येक जण सांगतो. आठ दिवस पुष्कळ झाले. चार रात्री ओसाका, तिथून क्योतोची पहाट आणि ओकायामाचा दिवस. एक रात्र कोयासान. उरलेल्या टोकियो. 2023 च्या ऑक्टोबरात सात दिवसांच्या रेल्वे पासची किंमत 29,650 येनवरून 50,000 झाली, तेव्हा एवढ्याच हिंडण्यासाठी तो पास घेऊ नका, सुटी तिकिटं स्वस्त पडतील. गाडीत चढायच्या आधी स्टेशनवर डबा घ्या. टोकियो-ओसाका मार्गावर गाडीतली खाण्याची ढकलगाडी 2023 मध्येच बंद झाली आहे. फुजी उजव्या खिडकीतून दिसतो, ओसाकाकडे जाताना. ढगात असला तर नाही दिसत. डबा तरी उघडा.

बुकिंग करण्याआधी मित्रांना फोन करा, महिना आजच ठरवा. चौघांचं जमत नसेल तर तिघं जा, तिघांचं नसेल तर दोघं. दहा खुर्च्यांच्या दुकानात दोन जागा चारांपेक्षा लवकर मिळतात.